बसायची सतरंजी

मित्रांनो, माझ्यावर बसून हसलेली माणसं मला फारशी आठवत नाहीत. मी नागपूरच्या सक्करदऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत, इंदुताईंच्या घरी राहणारी एक जुनी सतरंजी आहे. गल्लीत कोणाच्या घरी कोणी वारलं, की तिथे मला अंथरायचे आणि लोक माझ्यावर येऊन बसायचे. पंचेचाळीस वर्षं मी हेच काम केलं. या कामात मी कधी खाडा केला नव्हता. केला तो एकदाच, याच वर्षी, सोमवार ते बुधवार. त्या खाड्याचं दुःख माझ्या सुताच्या शेवटच्या धाग्यापर्यंत राहणार आहे.

तुम्ही म्हणाल, सतरंजीला कसलं आलंय दुःख. पण ऐकून तर घ्या.

माझा जन्म हातमागावर झाला. मनकर्णा नावाच्या विणकर बाईने मला निळ्या आणि तांबड्या पट्ट्यांत विणलं. तिच्या हातात लोखंडी दातांचा पंजा असायचा. एकेक धागा ती त्या पंजाने ठोकून बसवायची आणि ठोकताना तोंडाने काहीतरी पुटपुटायची. तिचा हात फार जड होता. तेव्हा मला तिचा राग यायचा. आता वाटतं, त्या जड हातामुळेच मी इतकी वर्षं टिकले.

मग मी गांधीबागेतल्या एका दुकानात आले. तिथे इतर सतरंज्यांच्या ढिगात मी दोन महिने पडून होते. एके दिवशी मारोतराव आले. ते जिल्हा परिषदेत कारकून होते. त्यांच्या बहिणीचं, दामिनीचं, लग्न आठ दिवसांवर आलं होतं. त्यांनी मला दुकानातच पूर्ण उलगडायला लावलं आणि बारा माणसं मांडी घालून बसतील का, ते डोळ्यांनी मोजलं. मी मनातून फुलून गेले. लग्नाचं घर, हळदीचे हात, लहान मुलांच्या उड्या, सगळं मला दिसायला लागलं. सायकलच्या मागे बांधून त्यांनी मला घरी आणलं आणि इंदुताईंनी माझ्यावरून हात फिरवला. त्या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या.

पण लग्नाला चार दिवस उरले असताना शेजारच्या खोलीत एक म्हातारी बाई वारली. तिची मुलगी कौसल्या आणि ती, दोघीच तिथे भाड्याने राहायच्या. येऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. कौसल्याबाई ब्लाउज शिवायच्या, एवढंच गल्लीला माहीत होतं. माती झाली, माणसं परत आली आणि दारातच घुटमळली. कारण आत बसायला काही नव्हतं. नुसती उखडलेली फरशी, शिलाई मशीन आणि एक मुलगी.

इंदुताई घरात आल्या. कपाटावर ठेवलेल्या मला त्यांनी खांद्यावर घेतलं. त्यांच्या सासूबाई मागून ओरडत राहिल्या, की लग्नाची सतरंजी आहे, अपशकुन करू नको. इंदुताईंनी ऐकलं नाही. त्यांनी मला कौसल्याबाईंच्या खोलीत अंथरलं आणि त्या स्वतः पहिल्यांदा बसल्या.

काय बोलायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्या काहीच बोलल्या नाहीत. एक तास गेला, दोन गेले. माणसं येऊन बसून गेली. इंदुताई तशाच बसून होत्या. दुपार कलल्यावर कौसल्याबाई पहिल्यांदा बोलल्या. "आईचा चष्मा उशीखालीच राहिला," त्या म्हणाल्या. मग त्या जे रडल्या ते मी अजून विसरलेले नाही. इंदुताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो संध्याकाळपर्यंत उचलला नाही.

दामिनीच्या लग्नात भाड्याच्या चटया आल्या. मला कोणी बोलावलं नाही. मयताच्या घरात अंथरलेली सतरंजी मंगलकार्याला चालत नाही म्हणे. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. बँडचा आवाज येत होता आणि मी कपाटावर घडी होऊन पडले होते. त्यानंतर माझं नावच पडलं, बसायची सतरंजी.

हळूहळू मला माझ्या कामाचा अभिमान वाटू लागला. गल्लीत कोणी गेलं की मुलं धावत इंदुताईंकडे यायची. उघडं दार आणि आत निळी-तांबडी सतरंजी दिसली, की जाणारा येणारा समजून जायचा. तो चपला काढायचा आणि आत येऊन बसायचा. कोण गेलं, कसं गेलं, हे दारात कोणी विचारत नसे. उठताना कोणी 'येतो' म्हणत नसे आणि घरचं कोणी 'या' म्हणत नसे. तुम्हालाही घरी सांगितलं असेल, दुःखाच्या घरातून निघताना तो शब्द तोंडातून काढायचा नाही. गुपचूप उठायचं आणि निघायचं. बाकी रीतिरिवाज किती बदलले, पण हा मी कोणाला मोडताना पाहिला नाही.

माणूस कसा बसतो, यावरून मला त्याचं मन कळतं. घाईत असलेला माझ्या कडेवर बसतो आणि एक गुडघा उभा ठेवतो. दाखवायला आलेला मधोमध बसतो आणि मोठमोठ्याने उसासे टाकतो. ज्याला खरंच लागलेलं असतं, त्याला आपण कुठे बसलोय हेच कळत नाही. इंदुताईंचा एकच नियम होता. नव्या सुनांना त्या तो सांगायच्या. "पयले ते बोलतीन. तोवर आपण चूप बसाचं."

त्या काळी या गोष्टीला गल्लीत काही नाव नव्हतं. लोक म्हणायचे, बसाले जाऊन येतो. बस. नावं हळूहळू आली आणि ती मी सगळी ऐकली, कारण शिकलेली माणसंही शेवटी माझ्यावरच बसायची. चंपतराव गुरुजी शाळेत मराठी शिकवायचे. बसायला आले की दहा मिनिटं गप्प राहायचे आणि मग त्यांना राहवायचं नाही. ते शेजारच्याला हळू आवाजात सांगायचे, की हजारो वर्षांपूर्वी बुद्धाने या भावनेला करुणा म्हटलं. अनुकंपा हाही फार जुना शब्द आहे, दुसरा थरथरला की आपणही थरथरायचं, ती अनुकंपा. सहानुभूती हा त्यामानाने कालचा शब्द. गुरुजींचं बोलणं मला आवडायचं. पण बोलता बोलता ते मधोमध सरकायचे, हे मी पाहून ठेवलं होतं.

मग एक दिवस मी इंदुताईंच्याच घरात अंथरली गेले. मारोतराव कचेरीतच छातीत कळ येऊन गेले. त्या तेरा दिवसांत सगळी गल्ली माझ्यावर बसून गेली. ज्यांच्या ज्यांच्या घरी इंदुताई मला खांद्यावर घेऊन गेल्या होत्या, ती सगळी माणसं आली. कौसल्याबाईंनी तेरवीपर्यंत शिलाई मशीनवरचं फडकं काढलं नाही. त्या माझ्या उजव्या कोपऱ्यावर भिंतीला टेकून बसायच्या. सकाळी यायच्या आणि दिवेलागणीला जायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत.

त्याच दिवसांत फोटोपुढचा दिवा कलंडला आणि माझा तो उजवा कोपरा जळाला. कौसल्याबाईंनी तो शिवला. शिवायला कापड कोणतं घेतलं, ते सांगते. मारोतराव असताना इंदुताईंनी त्यांच्याकडे एक हिरवा खण ब्लाउजला दिला होता. आता तो अंगाला लावायचा नाही, म्हणून त्यांनी टाकून द्यायला सांगितलं. कौसल्याबाईंनी टाकला नाही. "अंगावर नको तर सतरंजीवर राहू दे," त्या म्हणाल्या आणि बारीक टाक्यांनी त्यांनी तो तुकडा मला जोडला. निळ्या-तांबड्यात तो हिरवा तुकडा विचित्र दिसायचा. पण माझ्या अंगावर त्याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नव्हतं.

इंदुताईंना मारोतरावांच्या जागी नोकरी मिळाली. त्या अर्जावर अनुकंपा हा शब्द होता. थरथरण्याचा शब्द आता तीन प्रतींत, शिक्क्यासह भरायचा झाला होता. चंपतराव गुरुजींनी तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. पुढे निवडणुकीच्या दिवसांत पोरं माझ्यावर बसून सहानुभूतीची लाट कोणाला तारेल, याचा हिशेब करायची. म्हणजे तीही कामाला लागली होती.

चार वर्षांनी इंदुताईंच्या भावाची मुलगी मयुरा शिकायला आली. दहा वर्षांची होती, दोन वेण्या आणि सतत प्रश्न. इंदुताईंना मूल नव्हतं. मयुराने ते घर भरून टाकलं. तिचा अभ्यास इंदुताई घ्यायच्या आणि तिचे फ्रॉक कौसल्याबाई शिवायच्या. सातवीत असताना तिने शाळेत माझं आत्मवृत्त लिहिलं. हो, माझंच. सरांनी शेरा दिला, 'वस्तूचे मन छान ओळखलेस.' इंदुताईंनी तो कागद देवघराच्या फळीखाली जपून ठेवला.

त्या निबंधात तिने लिहिलं होतं, की मला घडी करून कपाटावर टाकतात तेव्हा मला फार एकटं वाटतं. मित्रांनो, मला त्याचं कौतुकही वाटलं आणि हसूही आलं. उलट होतं ते सगळं. मी घडी होऊन पडलेली असले, की मी सुखात असायची. गल्लीत कोणी गेलेलं नाही, याचा तो पुरावा होता. पण मयुराने मला विचारलं थोडंच होतं. तिने स्वतःला माझ्या जागी ठेवलं आणि माझ्या जागी तिला जसं वाटलं असतं, तसं लिहिलं. लहान होती. मी ते मनावर घेतलं नाही.

मयुरा मोठी झाली. ती मानसशास्त्र शिकली. लग्न होऊन ती प्रताप नगरला राहायला गेली. गल्लीही बदलली. कौलारू घरं पाडून तीन-तीन मजले चढले. वरच्या मजल्यांवर नवे भाडेकरू आले, त्यांची नावंही कोणाला ठाऊक नसायची. कोणी गेलं की प्लास्टिकच्या खुर्च्या यायला लागल्या. खुर्चीवर माणूस बसतो, पण कोणाच्या पाठीवर त्याचा हात पोचत नाही. पुष्कळ लोक फोनवरच जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायचे. मी कपाटावर जास्त दिवस राहू लागले. पण आता मी सुखात नव्हते. माणसं तर जातच होती, बसणारीच कमी झाली होती.

दोन म्हाताऱ्या मात्र रोज बसायच्या. सकाळी सातला इंदुताई दोन कप चहा मांडायच्या आणि कौसल्याबाई भिंतीला धरत धरत यायच्या. कधी कधी पाय दुखतात म्हणून त्या मला खाली काढायच्या. तेवढ्याच वेळा मी कोणी मेलेलं नसताना अंथरली जायचे. मला ते फार आवडायचं.

आता या वर्षीचा तो रविवार. मयुरा कंपन्यांमधल्या माणसांना एम्पथी, म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघणं, शिकवते. एका मोठ्या हॉटेलात तिचा तीन दिवसांचा कार्यक्रम होता आणि तिला मी हवी होते. आपल्या गल्लीची ही सतरंजी लोकांना दाखवायची, असं तिच्या मनात होतं. इंदुताईंना केवढा आनंद झाला. मयुराने कार्यक्रमात काय सांगणार, ते दोघींना आधी म्हणून दाखवलं. दोघी माझ्यावर बसून ऐकत होत्या, कौसल्याबाई त्यांच्या उजव्या कोपऱ्यावर.

मयुरा सांगत होती, की एम्पथी हा शब्द जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. त्याच्याही आधी जर्मनीतल्या विद्वानांनी एक शब्द काढला होता. एखादं चित्र, एखादी मूर्ती, दगडाचा एखादा खांब बघताना आपलं मन त्या वस्तूच्या आत शिरतं, त्याला ते तसं म्हणायचे. पुढे इंग्रजीत त्याच्यासाठी हा नवा शब्द घडवला गेला आणि हळूहळू तो वस्तूंवरून माणसांवर आला. आता डॉक्टर, मास्तर, साहेब, सगळ्यांना तो शिकवतात.

कौसल्याबाईंनी हनुवटीला हात लावला. "म्हणजे पयले खांबाले पाहून वाटे," त्या म्हणाल्या, "अन् माणसाईचं मंग सुचलं?"

तिघी पोट धरून हसल्या. मीही हसले. त्या शब्दाचा जन्म आम्हा वस्तूंसाठी झाला, हे ऐकून मला जरा मान मिळाल्यासारखं वाटलं.

मग इंदुताईंनी एका बाजूने आणि कौसल्याबाईंनी दुसऱ्या बाजूने मला धरलं आणि घडी घातली. पंचेचाळीस वर्षं त्या दोघी माझी घडी अशीच घालत आल्या होत्या. समोरासमोर यायच्या, टोकं जुळवायच्या. मयुराने मला गाडीत ठेवलं. "येते आत्या," ती म्हणाली. "ये वं," इंदुताई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी मी हॉटेलच्या सभागृहात होते. मला अंथरलं नव्हतं. मागच्या पडद्यावर उंच टांगलं होतं, वरून दिवा सोडला होता. इतक्या वर्षांत मला कोणी उभं केलेलं नव्हतं. पुढे शंभर खुर्च्या होत्या आणि माझ्यावर बसायला कोणी येणार नव्हतं. मयुरा फार छान बोलली. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या, त्याची भावना ओळखा, ती त्याला शब्दांत परत सांगा. लोक लिहून घेत होते.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. मयुरा मंचावर कागद लावत होती, तेव्हा फोन वाजला. हात गुंतले होते म्हणून तिने तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला. मला इंदुताईंचा आवाज ऐकू आला.

"मयुरा, माही सतरंजी पाहिजे वं मले. आजच पाहिजे."

मित्रांनो, मी पंचेचाळीस वर्षं ज्या घरांत पडून राहिले, त्या घरांतला आवाज मला कळतो. तो घशातून येत नाही, त्याच्या खालून कुठून तरी येतो. मी तो ओळखला. माझे सगळे धागे ताणले गेले. पण टांगलेल्या सतरंजीला बोलता येत नाही.

मयुराने अगदी प्रेमाने, शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं. "आत्या, तुले तिची आठवण येऊन राहिली ना? घर खाली खाली वाटून राहिलं असन."

इंदुताई म्हणाल्या, "हो. खाली वाटून राहिलं."

"मले समजते, आत्या. गुरुवारी सकाळीच आणून देते."

"बरं," इंदुताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मयुराने काय चूक केली? तिने आवाज चढवला नाही, घाई केली नाही, भावना ओळखली, परत सांगितली. सगळं बरोबर केलं. फक्त एक शब्द ती विचारायची विसरली, आमच्या गल्लीतला 'का'. काहून? दुपारच्या सत्रात तिने हाच फोन उदाहरण म्हणून सांगितला. वयस्कर माणसांचा वस्तूंवर जीव असतो, तो हसण्यावारी न्यायचा नसतो, असं ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वर टांगलेली होते आणि माझ्याच दुःखाला लोक टाळ्या देत होते.

बुधवारी कार्यक्रम संपला. मयुराने मला गांधीबागेत एका कारागिराकडे नेलं. आत्याला आनंद होईल म्हणून तिने मला धुवून घेतलं, कडेच्या सुट्या दशा नव्याने वळून घेतल्या. आणि उजव्या कोपऱ्यावरचा जुना, विटलेला तुकडा कारागिराने कात्रीने कापून काढला. तिथे निळ्या-तांबड्या सुताने रात्रभर बसून नवं विणकाम केलं. फार सुंदर काम केलं त्याने. कुठे जोड आहे, ते सापडणार नाही. तो हिरवा तुकडा चिंध्यांच्या टोपलीत पडला, एवढं मी पाहिलं.

गुरुवारी आम्ही घरी आलो. दार सताड उघडं होतं. इंदुताई उघड्या फरशीवर, दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. मयुराने मोठ्या हौसेने मला अंथरलं आणि तो कोपरा त्यांच्या समोर आणला. इंदुताईंनी त्याच्यावरून हात फिरवला. एकदा, दोनदा. हात काहीतरी शोधत होता.

"तो हिरवा तुकडा कुठी गेला?"

"काढून टाकला, आत्या. पार सडला होता. पाह्य ना, किती नीट झालं."

इंदुताईंचा हात तसाच फिरत राहिला. आता मयुराच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं आणि तिने तीन दिवस उशिरा तो शब्द विचारला. "काहून, आत्या? काय झालं?"

"कौसल्या गेली वं. सोमवारी."

मग ते सगळं कळलं. सोमवारी सातला चहा मांडून इंदुताई वाट पाहत बसल्या आणि शेवटी स्वतः भिंत धरत शेजारी गेल्या. कौसल्याबाई झोपेतच गेल्या होत्या. काटोलकडे राहणारा त्यांचा भाचा अंकित आला. पोरगा वाईट नव्हता. दुपारच्या आत तो त्यांना गावी घेऊन गेला. इंदुताईंना गाडीत बसा म्हणायचं त्याला सुचलं नाही. त्या गुडघ्यांनी कशाला त्रास घेता, असंच तो म्हणाला. गाडी गेली. मातीही गावाला आणि तेरवीही गावाला. शेजारची खोली कुलूपबंद झाली. गल्लीत कोणाला कळलंही नाही.

इंदुताईंना बसायला जायला घर नव्हतं आणि त्यांच्याकडे कोणी यायला त्या कौसल्याबाईंच्या कोणी नव्हत्या. नातं काय सांगायचं? शेजारीण? म्हणून त्यांना मी हवी होते. मला अंथरलं असतं आणि दार उघडं ठेवलं असतं, तर काही सांगावं लागलं नसतं. तोंडाने कोणाला बोलवायचं नसतं ना या कामाला. त्यांनी दार तर उघडलं. तीन दिवस त्या तशाच बसल्या. लोक दारावरून जात होते, आत उघडी फरशी आणि एक म्हातारी बघत होते आणि पुढे जात होते.

मयुराच्या डोळ्यांत पाणी आलं. ती घाईघाईने बोलायला लागली. "आत्या, मी समजू शकते तुला किती…"

"बोलू नको," इंदुताई म्हणाल्या. "बस."

मयुरा बसली. आधी माझ्या कडेवर, एक गुडघा उभा ठेवून, हातात फोन धरून. फोन वाजला तो तिने बंद केला. पुन्हा वाजला तेव्हा तिने तो पर्समध्ये टाकून लांब सरकवला. मग तिचा गुडघा खाली आला. बऱ्याच वेळाने मला जाणवलं, की ती कुठे बसली आहे हे आता तिलाच कळत नाहीये. पहिल्यांदाच ती माझ्यावर अशी बसली होती.

ऊन उतरलं तेव्हा प्रयागबाई भाजीची पिशवी घेऊन दारावरून चालल्या होत्या. गल्लीतल्या जुन्यांपैकी त्या एकट्याच उरल्या आहेत. त्यांची नजर आत गेली, माझ्यावर पडली आणि पाय थांबले. त्यांनी पिशवी उंबऱ्याशी ठेवली, चपला काढल्या आणि येऊन बसल्या. कोण गेलं, हे त्यांनी विचारलं नाही.

तेव्हा इंदुताई बोलल्या. "सोमवारी दोन कप चहा मांडला होता मी. तिचा कप अजून धुतला नाही."

प्रयागबाईंनी पदर तोंडाला लावला. "मी रोज इथूनच गेली वं," त्या म्हणाल्या. "सतरंजी दिसली नाही मले."

मित्रांनो, हे वाक्य माझ्यासाठी होतं. माझं काम फक्त दिसायचं होतं. तेवढंही मी केलं नाही.

दिवेलागणीला मयुरा उठली. तिने चपला घातल्या आणि सवयीने मागे वळली. तिचे ओठ हलले. 'येते' हा शब्द तिच्या तोंडापर्यंत आलेला मी पाहिला. ती थांबली. तिने तो शब्द गिळला, मान खाली घातली आणि काही न बोलता निघून गेली.

इंदुताई दाराकडे बघत राहिल्या. त्यांच्या घरात कोणी गेलं आहे, हे चार दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी रीतीने मान्य केलं होतं. त्यांनी माझ्या उजव्या कोपऱ्यावर, त्या नव्या विणीवर डोकं टेकलं आणि त्या रडल्या. त्यांच्या पाठीवर हात ठेवणारी बाई आता नव्हती. प्रयागबाई जवळ सरकल्या आणि त्यांनी हात ठेवला, पण पंचेचाळीस वर्षं सवयीचा होता तो हात वेगळाच.

मयुरा दुसऱ्या दिवशी गांधीबागेत जाऊन आली. चिंध्यांची टोपली तोवर रिकामी झाली होती.

मी आता रोज अंथरलेली असते. माझा तो कोपरा सगळ्यांत नीट आहे, त्याची वीणही उसवलेली नाही आणि त्याला डागही नाही. त्याच्यावर मात्र कोणी बसत नाही. मित्रांनो, तुम्ही शाळेत आमच्यासारख्या वस्तूंची आत्मवृत्तं जरूर लिहा. आमच्या मनात शिरून बघा, आम्हाला ते आवडतं. पण चुकलात तरी आम्ही काही म्हणत नाही. माणसाच्या बाबतीत तेवढ्यावर थांबू नका. कोणी रडवेल्या आवाजात एखादी साधी वस्तू मागितली, तर मला समजतं म्हणायच्या आधी काहून एवढं विचारा. आणि काय बोलायचं ते सुचत नसेल तरी जा, तिथे नुसतं बसता येतं. फक्त त्याच दिवशी जा. मी गुरुवारी पोचले, आणि इंदुताईंना जवळ बसायला कोणी हवं होतं ते सोमवारी.